आत कोण आहे?

"उद्या उतरवतोय हा सिनेमा," थिएटरचा मॅनेजर म्हणाला. "अहो मास्तर, तुमच्या एकट्यासाठी किती दिवस चालवू?"

मास्तर तिकीटखिडकीपाशी उभे होते. शाळेतून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा माणूस. त्यांचा चेहरा असा पडला, जणू घरातलंच कुणी कायमचं निघालंय.

सिनेमा सपशेल आपटला होता. पुढच्या काळातलं एक शहर, सगळी दारं एकाच राखाडी रंगाची. संध्याकाळी लोखंडी पहारेकरी फिरतो, एकेक दार बडवतो आणि विचारतो, "आत कोण आहे?" आतल्यानं "हजर" म्हणायचं. उत्तर आलं नाही की दार फोडतात. या जाचाला कंटाळून नायक पळून जातो. प्रेक्षक त्याच्याही आधी पळाले होते.

मास्तर मात्र रोज संध्याकाळी यायचे. पहारेकरी दिसला की सावरून बसायचे आणि नायक शहराची भिंत चढायला लागला की उठून घरी जायचे. मॅनेजरही बरेचदा मागच्या रांगेत येऊन बसे. त्याचं बिऱ्हाड म्हणजे थिएटरच्या ऑफिसातली घडीची खाट. सुट्टीसुद्धा घेत नाही, केवढा कामसू माणूस, असं मालकाला वाटे.

"खरं सांगा," मॅनेजरनं विचारलं, "एवढं काय आवडतं तुम्हाला त्यात? माझ्या तर अंगावर काटा येतो."

"पहारेकरी."

"तो लोखंडी राक्षस?"

"लोखंडाचा का असेना, रोज विचारतो तरी. जन्मभर मी पोरांची हजेरी घेतली. आता माझी कोण घेतंय? मागच्या गल्लीत, बेकरीच्या वर राहतो मी. उद्या मला काही झालं, तर माझं दार कोण फोडणार?"

मॅनेजरनं तिकीट फाडून दिलं.

त्या दिवशी मास्तर पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसले. नायक भिंतीपलीकडे उतरला. तिथं नुसतं मोकळं माळरान होतं, चिटपाखरू नाही. दिग्दर्शकाला तो सुखाचा शेवट वाटला असावा. मास्तरांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी थिएटरवर नवं पोस्टर लागलं, विनोदी सिनेमाचं. खिडकीपुढे ही गर्दी! मास्तरांनी ती लांबूनच पाहिली आणि घरी येऊन खुर्चीत बसले. अंधारून आलं तरी दिवा लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

एवढ्यात दार बडवलं गेलं. चांगलं धडाधडा.

"आत कोण आहे?"

आवाज लोखंडी काढायचा प्रयत्न होता, पण मध्येच ठसका लागला. मास्तरांनी तो लगेच ओळखला. खेळाची वेळ, बाहेर एवढी गर्दी, आणि हा बाबा खिडकी सोडून इथं!

ते धडपडत उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभे राहिले.

"हजर!"

कडीला हात घातला, तेवढ्यात जुनी सवय उफाळून आली. त्यांनी दरडावून विचारलं, "आणि बाहेर कोण आहे?"

मास्तर कडीवर हात ठेवून थांबले. मग तोच आवाज आला, पण आता अगदी साधा, शाळेतल्या पोरासारखा.

"हजर, मास्तर."