पातळ काप

मिलवॉकीतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हॅम कापायच्या मशीनला अठरा वर्षांखालच्यांनी हात लावायचा नाही. कायदाच तसा. त्यामुळे कुणी हॅम मागितलं की टेसा हाक मारायची आणि तिचे आजोबा मागच्या खोलीतून गुडघे धरत, कुरकुरत यायचे. "तू एकदाची अठराची हो, म्हणजे मी सुटलो."

काल ती अठराची झाली. आज तिनेच पहिला काप काढून रिवाजाप्रमाणे, जाडी पसंत आहे का ते बघायला, नेहमीच्या गिऱ्हाईक मिसेस झेलिन्स्कींपुढे धरला.

"अगदी असाच. कागदासारखा," तो हातात घेत त्या म्हणाल्या.

मागच्या दारातून आजोबा सकाळपासून तिसऱ्यांदा डोकावले आणि परत वळले.

टेसाने मशीन बंद केलं. "आजोबा, या ना जरा. माझे काप जाड पडतायत."

मिसेस झेलिन्स्कींनी हातातला काप गुपचूप तोंडात टाकला.

आजोबा कुरकुरत आले. गुडघे धरायचे मात्र विसरले.