आठ घरच्या आत्या

"आत्या!" सर ओरडले, आणि आठ कीबोर्डांतून आठ वेगवेगळ्या आत्या बाहेर पडल्या.

एक खिदळणारी होती. एक रुसलेली. एक अशी, की ऐकून दाराला आतून कडी लावावीशी वाटावी. खिडकीजवळच्या मुलाला दोन आत्या होत्या, म्हणून त्याने दोन्ही हात वापरले. एकाला आत्याच नव्हती. त्याने काकूवर भागवलं.

मॅडम मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. क्लास त्यांचा. मुलांनी आज चार कॉर्ड सगळ्यांनी मिळून, नीट वाजवून दाखवले तर सर कायम; नाहीतर हा त्यांचा शेवटचा तास, असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. आवाज न चढवता. त्यामुळे सरांना ते जास्तच ऐकू आलं होतं.

चुकलं कुठे, हेच सरांना कळेना. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी दाबलेल्या तीन पट्ट्या. बोटांना त्या लगेच जमायच्या, नावं मात्र डोक्यात राहायची नाहीत. सी मेजर, ए मायनर वगैरे पोरं ऐकायची आणि रस्त्यावरच्या गाडीचा नंबर विसरावा तशी विसरायची. मग सरांनी युक्ती काढली. कॉर्ड वाजवायचा आणि विचारायचं, "हा तुमच्या घरातल्या कुणासारखा वाटतो?" नावं विसरता येतात, घरातली माणसं कुठली विसरायला! आठवड्याभरात सगळ्यांना सगळं पाठ. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन असायचा. सर एकेकापाशी जाऊन आपला हेडफोन जोडायचे, ऐकायचे, मान डोलवायचे. तीन महिने प्रत्येक घर वेगवेगळं ऐकलं आणि प्रत्येक घर बिनचूक होतं. आठ घरं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती.

घोटाळा झाला होता तो सरांच्या डोक्यात. फाटकाशी कुणाची आई दिसली, की नमस्कार करायच्या आधी त्यांना ती जी मेजर की डी मायनर हे आठवावं लागे. आणि एका मुलाने घरी जाऊन, "आजी, ही तू," म्हणत दाढेसारखा ठणकणारा कॉर्ड वाजवून दाखवला होता. आजी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या थेट मॅडमशी, फोनवर.

"मामा!" सर घाईघाईने ओरडले.

मामा आत्यांपेक्षा वाईट निघाले.

"बरं, सी मेजर!"

सोळाही हात हवेत थांबले.

"तो कोण, सर?" मुंगीने विचारलं. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान. स्टुलावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत.

सरांनी सांगायला तोंड उघडलं. मुंगीकडे तो आजोबा होता. शेजारच्याकडे धाकटी मावशी. त्याच्या पलीकडे बहुतेक वहिनी. की वहिनी मागच्या रांगेत? सरांनी तोंड मिटलं.

"झालं?" मॅडम म्हणाल्या. "अख्खं गणगोत गोळा केलंत, पण कॉर्ड एक नाही. आठही जणांच्या ओळखीचं एकसुद्धा माणूस नाही का यांच्यात?"

हा टोमणा होता. पण मुलांना टोमणे कळत नाहीत, प्रश्न तेवढे कळतात.

"आहे ना," मुंगी म्हणाली. "सर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी मुंगीकडे पाहिलं. स्वतःला त्यांनी कुठल्याच कॉर्डवर बसवलेलं नव्हतं, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं.

"मग वाजवा त्यांना," मॅडम म्हणाल्या.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. आठ कीबोर्डांतून एकच कॉर्ड आला, एकाच क्षणी. खालचा सूर जागेवर, वरचा जागेवर, आणि मधलं बोट एक पट्टी पुढे सरकलेलं. धड हसरा नाही, धड रडका नाही. खोलीच्या मधोमध तो नुसता लोंबकळत राहिला, काहीतरी विचारायला यावं आणि नेमका प्रश्नच विसरावा तसा.

मॅडम भिंत सोडून पुढे आल्या. "हा पुढच्या वर्षीचा आहे. हा कधी शिकवलात?"

"मागच्याच महिन्यात" म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. सरांना ते सुचलंही, पण जरा उशिरा.

"मी नाही शिकवला," ते म्हणून बसले होते.

"आम्ही शोधला," मुंगी म्हणाली. "सर फोन घ्यायला बाहेर जातात ना, तेव्हा. शिकवलेल्यातलं त्यांना काहीच लागू पडेना. मग हेडफोन काढून सगळ्यांनी बोटं हलवून हलवून बघितली."

"आणि हाच का?"

मुंगीने विचार केला. "ऐकताना वाटतं की एक बोट चुकलंय. पण चुकलेलं नसतं."

ही आपली तारीफ झाली की तक्रार, ते सरांना ठरवता येईना. त्यांनी खबरदारी म्हणून दोन्हींसाठी एकच चेहरा केला.

"सर, सोमवारी दहा मिनिटं आधी या," मॅडम म्हणाल्या आणि निघाल्या. दारापाशी मात्र थबकल्या. पाठमोऱ्याच, दाराच्या मुठीकडे बघत त्यांनी घसा साफ केला.

"आणि मुलांनो, मी कोणता कॉर्ड ते सोमवारी मला वाजवून दाखवा. सरांना विचारू नका, त्यांचा गोंधळ होतो."