एक बाजू झाली की

सासऱ्यांचा निकेलचा जुना टोस्टर पावाची एकच बाजू भाजत असे. मग दार उघडून पाव हाताने उलटावा लागे. तो दुरुस्त करून निवृत्त तंत्रशिक्षक जावयांनी चाचणी घेतली. दार उघडले, तर पाव आधीच उलटलेला!

"अगं, तू हात लावलास?"

"मी इकडे घड्या घालतेय. तुमचंच भूत असेल!" बायको बाहेरच्या खोलीतून हसली.

त्यांनी प्लग उपसला, कॉइल गार होऊ दिली, सोडवली आणि मुठीत घट्ट धरली. आता टोस्टरमध्ये भाजण्याचे बळच उरले नव्हते.

मूठ तापू लागली. उघडता उघडेना.

"अगं, धाव!"

ती दाराशी पोचण्याआधीच कुणीतरी त्यांचे मनगट अलगद धरले आणि भाजलेली मूठ सावकाश पालथी केली.