एकच सेट

"दोघांनाही हेच टायर पाहिजेत," काउंटरवरची बाई म्हणाली, "आणि सेट एकच उरलाय."

शनिवारची संध्याकाळ होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजून स्वतःच टायर व्हायच्या बेतात होते. ती नुकतीच या दुकानात लागली होती आणि आत्ताच कंटाळली होती.

समोर दोन गिऱ्हाइकं. एक काटकुळा, बसल्या जागी पाय हलवणारा. त्याला दुसरा भिंगरी म्हणत होता. दुसरा पन्नाशीचा, पोट सुटलेला, खुर्चीत असा बसलेला की खुर्ची त्याच्याबरोबरच जन्मली असावी. त्याला पहिला गोगलगाय म्हणत होता. दोघांच्या गाड्या मागच्या अंगणात जॅकवर चढवलेल्या होत्या. बनावट एकच, म्हणून टायरचं मापही एकच.

"ताई, नीट सांगा," भिंगरी म्हणाला. "रविवारी ट्रॅक. बाकीचे दिवस रस्ता. दर वेळी टायर बदलत बसायला मला वेळ नाही."

"मग हे रेसचे मऊ टायर घेऊच नका." तिने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "तापले की डिंकासारखे चिकटतात. पण आधी फेऱ्या मारून तापवावे लागतात. आणि रोजच्या रस्त्यावर बघता बघता झिजतात."

"तापवायला कोण देतंय? मी उभाच असतो. इशारा झाला की जागेवरून सुटायचं."

"आणि हे साधे?" गोगलगायीने विचारलं.

"टिकायला दगड. पण ट्रॅकवर वेगात वळलात की साबणावर पाय पडल्यासारखं."

"माझे साधेच होते," भिंगरी म्हणाला. त्याचा पाय हलायचा थांबला. "मागच्या रविवारी वळणावर घसरले. गाडी मातीत. बाहेर काढेपर्यंत खेळ खलास."

गोगलगायीने शर्टाचं बटण लावलं. ते लावलेलंच होतं.

"म्हणून हे मधले," बाई पुढे म्हणाली. "दोन्ही डगरींवर हात. ट्रॅकवर रेसच्या टायरपेक्षा जरा कमी, रस्त्यावर साध्यांपेक्षा जरा महाग. पण दोन्हीकडे निभावतात. पुढचा माल पुढच्या महिन्यात येईल. आणि हा सेट यांनी दुपारीच सांगून ठेवलाय."

भिंगरी वळला. "तू? तुला कशाला रे असले टायर? तुला तर सायकलवाले घंटी मारून पुढे जातात."

"पावसात माझी गाडी चिखलात रुतली होती. बरोबरच्या लोकांनी उतरून ढकलली. चांगल्या कपड्यांत. एक माणूस हसला नाही की एक शब्द बोलला नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. मालक म्हणाले, पुन्हा असं झालं तर घरी बस."

"शिव्या मला मिळतात. गाडी जरा उडाली की मागून सुरू."

"माझ्या मागून आजवर एक तक्रार नाही."

"तुझ्या मागून कोण करणार तक्रार!"

दोघं हसले. थकलेली माणसं हसतात तसे, आवाज न करता. बाईला विनोद कळला नाही. रेसवाल्यांचे विनोद असेच असणार, असं तिने ठरवलं आणि काउंटरखाली एक चप्पल काढली.

"जाऊ दे," भिंगरी म्हणाला. "आधी सांगितलंय त्याला द्या. मला साधेच चढवा. उद्या एकदा जातो. पुन्हा घसरली तर गाडीची चावी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आणि चालायला लागणार. बायको म्हणते, झोपेतसुद्धा ब्रेक दाबतोस, माझ्या पिंढऱ्या काळ्यानिळ्या झाल्या."

"सोडशील हे काम?"

"सोडेन."

"आणि तुझ्या जागी कोण येणार?"

"येईल कोणीतरी. मागच्या रविवारी मी असून काय दिवे लावले?"

गोगलगाय उठला. त्याला वेळ लागला. आधी तो उठला, मग त्याचे गुडघे.

"ताई, तो सेट याच्या गाडीला लावा. मला साधे द्या."

"अहो, पण तुम्ही आधी..."

"मला उपकार नकोत," भिंगरी म्हणाला.

"उपकार कसले, गाढवा! तू आधी पोचलास की मला बरं असतं."

"आणि तुझी पुन्हा रुतली तर? मालक घरी बसवतील."

"बसेन की. घरीही खुर्ची आहे."

भिंगरीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि अंगणात निघून गेला. लगेच त्याचा आवाज आला. टायर चढवणाऱ्यांना तो हवेचा दाब शिकवत होता.

बाईला राहवलं नाही. "काका, असा कसा खेळ खेळता? उद्या तो पुढे जाणार, आणि तुम्हीच त्याला टायर दिलेत."

"तसंच होऊ दे. उद्या मला जागेवरून हलायलाच लागलं नाही, तर मी पेढे वाटीन."

"मग जाताच कशाला?"

"नेमलंय ना. नियम आहे. तोही पाहिजे, मीही पाहिजे." त्याने जांभई दिली. "दिवस चांगला असला की आम्ही दोघं झाडाखाली पत्ते कुटतो. तो पत्त्यांतही घाई करतो."

ती दुकानाचं शटर ओढायला बाहेर आली, तेव्हा दोन्ही गाड्या अंगणातून निघत होत्या. पुढे भिंगरी होता, छपरावर लाल-निळा दिवा असलेली रुग्णवाहिका घेऊन. त्याच्या मागे, कसलीच घाई नसल्यासारखी, गोगलगायीची शववाहिका.