कोण किती चाललं

"हळद लागल्यावर उंबरा ओलांडू नये गं बाई." लहानपणी ऐकलेला आत्याचा तो सूर केतकीच्या कानात होता, तरी मागच्या महिन्यात ती स्वतःच्याच हळदीतून ओल्या अंगानं मागच्या दारानं पळाली. मनगटात कोर्टानं बसवलेला मणी तापला होता. म्हणजे प्रसन्न जवळ येत होता.

तीन वर्षं तिचा पाठलाग करणाऱ्या प्रसन्नच्या घोट्यातही कोर्टानं वर्षापूर्वी तसाच मणी बसवला होता. तो पाचशे मीटरच्या आत आला की गुन्ह्याची नोंद व्हायची. तिचा मणी मात्र तो हजार मीटरवर असतानाच तापे, आणि मग तिचे पाय थांबतच नसत.

आज सुनावणीपुरते दोघांचे मणी बंद ठेवले होते. कोर्टात त्याचा वकील म्हणाला, "वर्षभरात एकही नोंद नाही. अशिलाचा मणी काढावा."

प्रसन्न गालात हसला.

"बोल की गं!" शेजारून संरक्षण अधिकारी लोखंडेबाई कुजबुजल्या. "नंतर काय भिंतीला सांगणारेस?"

लोक वेडी म्हणतील, म्हणून केतकी वर्षभर गप्प होती. ती न्यायाधीशबाईंसमोर उठली.

"मॅडम, अंतर मी राखलंय. हा निघाला की मी उठते. बाजारातून उठले, नोकरीवरून उठले. हा सरळ चालत आला, आणि मीच मागं सरकत राहिले."