शेजारची बाई

"अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला दारुडा समजून गाडीतून उतरवलंत?" टोपेकाच्या कोर्टात ऑरव्हिलचा वकील कडाडला.

रेल्वे कंपनीचा कंडक्टर टोपी चुरगाळत म्हणाला, "झोकांड्या खात होता, साहेब. जीभही अडखळत होती. सगळा डबा हसत होता. तरी मी शेजारच्या बाईंना विचारलं, 'हे तुमच्याबरोबर आहेत का?' 'मी नाही ओळखत,' म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या."

"कोण ही बाई? दाखवा!"

कंडक्टरने ऑरव्हिलच्या बायकोकडे बोट दाखवलं. लव्हिनिया नवऱ्याच्या ओठांवरची लाळ पुसत होती. तिचा हात तिथेच थिजला.

ऑरव्हिलने वाकडं झालेलं तोंड मोठ्या कष्टाने उघडलं.

"खोटं बोलतोय हा. ती... झोपली होती."