ओळख पाहू, कोण?

पुंडलिक इंगळे सलूनच्या बाकावर दाढीसाठी नंबर लावून बसला होता. कोणीतरी समोर येऊन उभे राहिले. अंध सहाय्य केंद्राने दिलेला, कानाच्या आत बसणारा मणी सदऱ्याच्या गुंडीतल्या कॅमेऱ्यातून पाहून पुटपुटला, “उत्तम वानखडे. घाबरलेला दिसतो.”

उत्तमच्या घशाचे ऑपरेशन झाले होते. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता. भेटला की एकच खेळ खेळायची त्याची चाळीस वर्षांची सवय.

“ओळख पाहू, कोण?” आवाज पत्र्यावर खडा घासावा तसा आला.

“उत्तम्या, दोन महिने होतास कुठं?”

उत्तम शेजारी टेकला. म्हणाला, “फोनवर माझी पोरगीसुद्धा ओळखत नाही मला. खरं सांग, त्या यंत्रानं सांगितलं ना?”

“यंत्र घरी चार्जिंगला लावलंय. अन् तू बोललास की कळायला यंत्र लागतं होय?”

उत्तम हसला. हसणेही खरखरीत होते, पण पूर्वीसारखेच मोठे होते.

“माझी बॅटरी ब्याण्णव टक्के आहे,” मणी कानात म्हणाला.

पुंडलिकने कान खाजवायचे निमित्त करून तो बंद केला आणि सलूनवाल्याला सांगितले, “माझा नंबर याला दे.”